नेता कुठे ठरतो : चारदीवारीतून पाहिलेलं राजस्थान

राजस्थानची विधानसभा २००० सालापर्यंत जयपूरच्या चारदीवारीच्या आत भरत असे. हवामहलाच्या मागे, जलेब चौकाच्या आवारात, सवाई मानसिंह टाउन हॉलमध्ये. कामकाज संपवून आमदार बाहेर पडला की चार पावलांवर बडी चौपड आणि पुढे जोहरी बाजार. जडाऊ कामाचे सराफ, लाखेच्या बांगड्या वळणारे मनिहार, रजया विकणारे दुकानदार, अशा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून राज्याचं राजकारण ये-जा करायचं. कोण कुणाच्या गाडीतून उतरला, कोण कुणाला टाळून गेला, हे बाजाराला आधी कळायचं आणि वर्तमानपत्राला नंतर. पुढे विधानसभा ज्योतीनगरच्या भव्य इमारतीत गेली. इमारत चांगली आहे, जागाही ऐसपैस आहे. पण ज्या सत्तेला बाजारातून चालत जावं लागत होतं, तिला आता तशी गरज उरली नाही. या संग्रहातले लेख त्या तुटलेल्या नात्याबद्दल आहेत.

मराठी वाचकाला जयपूर ठाऊक असतं ते सहलीतलं. गुलाबी भिंती, हवामहलाच्या खिडक्या, आमेरचा किल्ला, येताना घेतलेली बांधणीची ओढणी. सवाई जयसिंहानं १८ नोव्हेंबर १७२७ ला या शहराचा पाया घातला, विद्याधर भट्टाचार्यानं नऊ चौकड्यांची आखणी केली, २०१९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला, इथपर्यंतची माहिती मार्गदर्शक सांगतोच. तो सांगत नाही ते असं, की या भिंतींच्या आत आजही दाट वस्ती आहे आणि ती मतं देते. चारदीवारीचा बराचसा भाग हवामहल आणि किशनपोल या दोन विधानसभा मतदारसंघांत येतो. २०२३ मध्ये हवामहलचा निकाल अवघ्या ९७४ मतांनी लागला. भाजपचे बालमुकुंद आचार्य जिंकले, काँग्रेसचे आर. आर. तिवारी हरले. शेजारच्या किशनपोलनं त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या अमीन कागझींना निवडून दिलं. एकाच भिंतीच्या आतल्या माणसांनी, एकाच दिवशी, दोन वेगळे कौल दिले. इतक्या चुरशीनं मत देणाऱ्या माणसाला नंतर आपला मुख्यमंत्री कोण हे टीव्हीवरून समजतं, आणि त्यानं निवडून दिलेल्या आमदारालाही ते तसंच समजतं. माझ्या मते राजस्थानच्या राजकारणाचं मूळ दुखणं हे आहे. पक्षफुटी, हॉटेलांतली नजरकैद, वेगळ्या प्रांतांच्या मागण्या यांना आपण स्वतंत्र आजार समजतो; त्यांची मुळं बरीचशी इथे आहेत.

या गोष्टीची सुरुवात निवडणुका येण्याच्या फार आधी होते, आणि तिच्यात आपण मराठी माणसं बाहेरच्या धन्याच्या भूमिकेत आहोत. १७४३ मध्ये सवाई जयसिंह गेला. थोरला मुलगा ईश्वरीसिंह गादीवर आला. धाकटा माधोसिंह मेवाडच्या राजकन्येचा मुलगा, आणि तिच्या लग्नाच्या वेळच्या कराराप्रमाणे गादीवर हक्क त्याचा, असं उदयपूरचं म्हणणं. घरातलं भांडण घरात मिटलं नाही. दोन्ही बाजूंनी मराठ्यांना पैसा कबूल केला, आणि मराठ्यांनी दोन्ही बाजूंचा घेतला. १७४७ मध्ये राजमहलच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला. त्या विजयाची खूण म्हणून त्यानं उभारलेला ईसरलाट नावाचा उंच मनोरा आजही त्रिपोलिया बाजारातून दिसतो. आतिश मार्केटमधून त्याच्याकडे जायची वाट आहे. पुढच्याच वर्षी बगरूला तो हरला. कबूल केलेली खंडणी देणं त्याला जमलं नाही. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर फौज घेऊन शहराकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा ईश्वरीसिंहानं विष घेऊन जीव दिला. माधोसिंह गादीवर बसला, तो मराठ्यांच्या जोरावर.

पुढे जे झालं ते आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलं जातं. जानेवारी १७५१ मध्ये मराठी सैन्यातले लोक शहर पाहायला, मंदिरांत जायला, खरेदी करायला चारदीवारीच्या आत आले. दुपारी वेशीचे दरवाजे बंद झाले आणि शहर त्यांच्यावर तुटून पडलं. माणसं मोठ्या संख्येनं कापली गेली. ही कत्तल निर्घृण होती. निःशस्त्र पाहुण्यांवर झालेल्या या वाराचं समर्थन कुणीही करू नये. पण ती का झाली हे विचारल्याशिवाय आपलं वाचन पुरं होत नाही. शहराचा राजा कोण, हे शहराबाहेरच्या छावणीत ठरलं होतं, आणि त्याची किंमत शहराच्या तिजोरीतून वसूल होत होती. ज्याला गादी मिळाली त्या माधोसिंहालाही ती आपल्या बळावर मिळालेली नव्हती, आणि हे प्रत्येक गल्लीला माहीत होतं.

विसाव्या शतकात मराठी मुलखातून आणखी एक माणूस या वेशीवर येऊन थडकला, आणि या वेळी तो प्रजेच्या बाजूचा होता. वर्ध्याचे जमनालाल बजाज. जन्म शेखावाटीतला, कर्मभूमी वर्धा. १९३८ मध्ये ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. संस्थाननं त्यांना हद्दीत पाऊल ठेवायला बंदी केली. १९३९ मध्ये ती मोडून ते आत आले आणि संस्थाननं त्यांना अनेक महिने स्थानबद्ध करून ठेवलं. प्रजेला सभा घेता यावी, संघटना काढता यावी, एवढी साधी ती मागणी. पण तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, प्रजामंडळाचे नेते हिरालाल शास्त्री आणि संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांच्यात समझोता झाला, आणि देश पेटलेला असताना जयपूर प्रजामंडळ ‘छोडो भारत’च्या लढ्यापासून अलग राहिलं. बाबा हरिश्चंद्र आणि त्यांच्या सोबत्यांना हे पटलं नाही. त्यांनी आझाद मोर्चा काढला. मला या फुटीचा आदर वाटतो. नेत्यानं बंद खोलीत शब्द दिला आणि कार्यकर्त्यांनी तो उघडपणे नाकारला, कारण सांगून नाकारला, त्यासाठी तुरुंगात गेले. राजस्थानात नंतर पुष्कळ बंडं झाली, पण इतकं स्वच्छ बंड विरळाच.

३० मार्च १९४९ ला सरदार पटेलांनी सिटी पॅलेसमध्ये बृहद् राजस्थानचं उद्घाटन केलं. जयपूरचे महाराज मानसिंह राजप्रमुख झाले, उदयपूरच्या महाराणांना महाराजप्रमुख हे पद मिळालं, हिरालाल शास्त्री पहिले मुख्यमंत्री. आणि लगेच प्रश्न उभा राहिला : राजधानी कुणाची? जोधपूर हे मोठं संस्थान. मेवाडची प्रतिष्ठा सगळ्यांत जुनी. अखेर राजधानी जयपूरला आली आणि मोबदल्यात उच्च न्यायालय जोधपूरला गेलं, शिक्षण खातं बिकानेरला, खाण खातं उदयपूरला. १९५६ मध्ये अजमेर राज्यात आलं, तेव्हा त्याच्या वाट्याला महसूल मंडळ आणि लोकसेवा आयोग आले. जयपूरला असलेलं उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९५८ मध्ये काढून घेतलं गेलं, ते १९७७ मध्ये परत मिळालं. कचेऱ्यांची ही वाटणी बघून महाराष्ट्रातल्या वाचकाला १९५३ चा नागपूर करार आठवेल. तिथेही हेच सूत्र होतं : विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला. फाजलअली आयोगानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून हा करार पुढे केला गेला. १९६२ मध्ये नागपूरच्या मतदारांनी लोकनायक बापूजी अणे यांना वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर, अपक्ष म्हणून, लोकसभेत पाठवलं. कचेऱ्या वाटल्यानं मानाचा प्रश्न सुटतो, निर्णयाचा सुटत नाही. मेवाड-मारवाडमध्ये तो निदान काही काळ निवला, याचं श्रेय मी कचेऱ्यांना कमी देतो आणि तिथून आलेल्या नेत्यांना जास्त देतो.

ते नेते कसे आले हे पाहण्यासारखं आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुख्यमंत्री जयनारायण व्यास दोन जागांवर उभे राहिले आणि दोन्ही हरले. जोधपूरचे महाराज हनवंतसिंह त्यांच्या विरोधात उतरले होते. मोजणी चालू असतानाच विमान अपघातात ते गेले, पण मारवाडनं आपला कौल दिलेला होता. टीकाराम पालीवाल मुख्यमंत्री झाले. काही महिन्यांत व्यासांना किशनगढच्या पोटनिवडणुकीतून निवडून आणलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. व्यास सचोटीचे, त्यागी, संस्थानी राजवटीशी आयुष्यभर झगडलेले. तरीही मला वाटतं की दोन ठिकाणच्या मतदारांनी नाकारलेल्या माणसाला मागच्या दारानं परत आणणं चूक होतं. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९५४ मध्ये, काँग्रेसच्या आमदारांनी जयपूरमध्ये मतदान केलं. उदयपूरचे मोहनलाल सुखाडिया, वय ३८, यांनी व्यासांना हरवलं. आमदारांनी मत दिलं, मतं मोजली गेली, जिंकलेला मुख्यमंत्री झाला. नेहरूंची ओढ व्यासांकडे होती असं मानलं जाई, पण दिल्लीनं निकाल फिरवला नाही. सुखाडिया १७ वर्षं टिकले याचं एक कारण हे, की त्यांची सत्ता निदान सुरुवातीला कुणाच्या मेहेरबानीवर उभी नव्हती.

पण त्याच सुखाडियांच्या काळात १९६७ चा मार्च आला, आणि तिथे मला थांबायचं आहे. या संग्रहातला सर्वांत मोठा लेख त्या महिन्यावर आहे.

पाच वर्षं आधी, १९६२ मध्ये, महाराणी गायत्रीदेवी स्वतंत्र पक्षातर्फे जयपूरमधून लोकसभेला उभ्या राहिल्या. झालेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मतं त्यांना पडली. गिनीज बुकनं त्याची नोंद घेतली. राणीला भुलून लोकांनी मत दिलं, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. मला हे म्हणणं मतदाराचा अपमान करणारं वाटतं. बारा-तेरा वर्षं एकाच पक्षाचं राज्य पाहिलेल्या लोकांना दुसरा दरवाजा उघडा दिसला, आणि ते त्यातून गेले. त्याच गायत्रीदेवींना १९६७ मध्ये मालपुरा विधानसभा मतदारसंघात दामोदरलाल व्यासांनी हरवलं. जयपूरची लोकसभेची जागा मात्र त्यांच्याकडे राहिली. मतदार कुठे भुलायचं आणि कुठे नाही, हे जाणून होता.

१९६७ च्या विधानसभेत १८४ जागा होत्या. काँग्रेसला ८९ मिळाल्या. स्वतंत्र पक्ष ४८, जनसंघ २२, संयुक्त समाजवादी ८, कम्युनिस्ट १, अपक्ष १६. विरोधकांनी आणि बहुतेक अपक्षांनी मिळून संयुक्त दल केलं, डूंगरपूरचे महारावल लक्ष्मणसिंह त्याचे नेते. निम्म्याहून अधिक आमदार आपल्याकडे आहेत असा त्यांचा दावा होता. आपली माणसं फुटू नयेत म्हणून त्यांनी आमदारांना जयपूरबाहेर कानोत्याच्या गढीत नेऊन ठेवलं. राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांनी अपक्षांना हिशेबातच धरलं नाही. सर्वांत मोठा पक्ष म्हणून त्यांनी सुखाडियांना बोलावलं.

शहर उसळलं. जमावबंदी लागली, विरोधी नेते ती मोडून निघाले आणि पकडले गेले. ७ मार्चला जोहरी बाजारात पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली, संचारबंदी लागली. ज्या रस्त्यावर तीजची आणि गणगौरची गर्दी होते, त्याच्या शेजारच्या रस्त्यावर आपलं मत मोजा एवढं सांगायला आलेले लोक पडले. तेव्हा किशनपोलचे आमदार जनसंघाचे भैरोंसिंह शेखावत होते, म्हणजे चारदीवारीचा प्रतिनिधी या लढ्याच्या पुढच्या फळीत होता. अशा स्थितीत सरकार बनवायला सुखाडियांनी नकार दिला. १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. विधानसभा बरखास्त न करता स्थगित ठेवली गेली, आणि तो वेळ सत्कारणी लागला नाही. सहा आठवड्यांत पुरेसे आमदार काँग्रेसकडे वळले. २६ एप्रिलला सुखाडिया पुन्हा मुख्यमंत्री झाले.

राज्यपालांचं चुकलं, यात मला शंका नाही. अपक्ष आमदारालाही लोकांनीच निवडलेलं असतं. त्याला मोजायचं नाही असं ठरवणं म्हणजे त्याच्या मतदाराला मोजायचं नाही असं ठरवणं. बहुमत कुणाचं, हे दिवाणखान्यात नव्हे तर सभागृहात सिद्ध व्हावं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या बोम्मई निकालात स्पष्टपणे सांगितलं. जोहरी बाजारानं ते २७ वर्षं आधी सांगितलं होतं. पण संयुक्त दलालाही मी निर्दोष ठरवत नाही. आमदारांना गढीत कोंडून ठेवायची चाल त्यांनी खेळली. विचारानं जोडलेला आमदार कोंडावा लागत नाही. कानोत्याहून २०२० च्या हॉटेलांपर्यंत वाट सरळ आहे.

२०२० चा जुलै बऱ्याच वाचकांच्या आठवणीत असेल. उपमुख्यमंत्री सचिन पायलट आपले आमदार घेऊन हरियाणात मानेसरला गेले. अशोक गहलोतांनी उरलेले आमदार आधी जयपूरजवळच्या एका हॉटेलात आणि मग जैसलमेरला नेऊन ठेवले. करोनाची साथ ऐन भरात होती. राज्याच्या इतिहासातल्या कठीण महिन्यात आमदार आपल्या मतदारसंघात नव्हते. १४ ऑगस्टला विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला आणि सरकार वाचलं. पण मूळ तंटा २०१८ चा होता. प्रदेशाध्यक्ष म्हणून पायलटांनी पाच वर्षं पक्ष बांधला, निवडणूक जिंकली, आणि मुख्यमंत्री कोण हे दिल्लीत दोन-तीन दिवसांच्या बैठकांत ठरलं. जयपूरमध्ये आमदारांचं मतदान झालं असतं तर दोघांपैकी एक हरला असता आणि त्यानं ते पचवलं असतं. १९५४ मध्ये व्यासांनी पचवलंच होतं. इथे मात्र कुणी हरलंच नाही, म्हणून भांडण पाच वर्षं चाललं.

२५ सप्टेंबर २०२२ ला ते पुन्हा उफाळलं. मल्लिकार्जुन खरगे आणि अजय माकन दिल्लीहून निरीक्षक म्हणून आले. मुख्यमंत्री निवासात बैठक ठेवली होती. आमदार तिथे गेलेच नाहीत. शांती धारीवाल यांच्या बंगल्यावर जमले आणि तिथून विधानसभाध्यक्ष सी. पी. जोशी यांच्याकडे राजीनामे देऊन आले. अनेकांनी याला बेशिस्त म्हटलं. माझं मत वेगळं आहे. एका ओळीचा ठराव करून निर्णय श्रेष्ठींवर सोपवायचा, ही रीत आमदाराचा एकमेव खरा अधिकार काढून घेते. त्या रात्री आमदार गहलोतांच्या सोयीसाठी वागले हे खरं, पण त्यांनी जो प्रश्न पुढे आणला तो खोटा नव्हता.

आणि १२ डिसेंबर २०२३. भाजपच्या प्रदेश कार्यालयात विधिमंडळ पक्षाची बैठक. दिल्लीहून आलेले निरीक्षक राजनाथ सिंह. दोनदा मुख्यमंत्री राहिलेल्या वसुंधरा राजे त्यांच्या शेजारी. त्यांच्या हातात एक चिठ्ठी आली. त्यांनी ती उघडली, वाचली, आणि भजनलाल शर्मा यांचं नाव पुकारलं. सांगानेरमधून पहिल्यांदाच निवडून आलेले आमदार, फोटोसाठी मागच्या रांगेत उभे होते. चिठ्ठी उलगडताना वसुंधरा राजेंचा चेहरा कॅमेऱ्यांनी टिपला आणि ती काही सेकंदांची चित्रफीत देशभर फिरली. शर्मांच्या योग्यतेबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. सामान्य कार्यकर्ता मुख्यमंत्री झाला ही आनंदाचीच गोष्ट. पण ११५ आमदारांच्या त्या सभागृहात एकानंही मत दिलं नाही. दिलं असतं तर कदाचित हेच नाव आलं असतं, आणि तेव्हा ते त्या ११५ जणांचं नाव झालं असतं. काँग्रेसची रीत आणि भाजपची रीत यांत फरक शोधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की या एका बाबतीत फरक नाही.

महाराष्ट्रानं जून २०२२ मध्ये फुटलेल्या आमदारांची सुरत आणि गुवाहाटी पाहिली. त्यामुळे हे लेख वाचताना मराठी वाचकाला परक्या गावाला गेल्यासारखं वाटणार नाही, असा माझा भरवसा आहे.

दुसरी रीत असू शकते का? कॅनडाकडे बघू. तिथेही मोठा देश, प्रांतांची भांडणं, केंद्राविषयी राग. ६ जानेवारी २०२५ ला स्वतःच्याच खासदारांच्या दबावाखाली जस्टिन ट्रुडो यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. ९ मार्चला लिबरल पक्षाच्या दीड लाखांहून अधिक सदस्यांनी मतं दिली आणि मार्क कार्नी ८५.९ टक्के मतांनी नेते झाले. एप्रिलच्या निवडणुकीत विरोधी नेते पिएर पॉइलिव्ह हे आपलीच जागा हरले. ऑगस्टमध्ये अल्बर्टातल्या एका खासदारानं मोकळ्या केलेल्या जागेवरून ते परत संसदेत आले. व्यासांच्या किशनगढची आठवण यावी असंच ते आहे, आणि तिथेही ते मला खटकलं. म्हणजे कॅनडा आदर्श आहे असं नाही. सदस्यसंख्या फुगवणं तिथेही चालतं. पण नेता कुणी निवडला, किती मतांनी, हे तिथे आकड्यांत सांगता येतं.

वेगळं होण्याच्या प्रश्नालाही त्यांनी आकड्यांतच उत्तर दिलं. ३० ऑक्टोबर १९९५ ला क्वेबेकमध्ये सार्वमत झालं. नको म्हणणारे ५०.५८ टक्के, हवं म्हणणारे ४९.४२. देश इतक्या थोडक्यात वाचला. नंतर १९९८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं मत दिलं आणि २००० मध्ये कायदा झाला, की प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमत स्पष्ट हवं. आज अल्बर्टा प्रांतात ओटावाविरुद्ध कुरकुर आहे. तेल आमचं, धोरण त्यांचं, असा तिथला सूर. पण कुरकुर करणाऱ्याला देशद्रोही म्हणून गप्प केलं जात नाही.

आपल्याकडे वेगळ्या राज्याची मागणी म्हणजे देशापासून तुटणं नव्हे, हे आधी पक्कं समजून घ्यायला हवं. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानं नवं राज्य करायचा अधिकार संसदेला दिला आहे. संबंधित विधानसभेचं फक्त मत घ्यायचं. आंध्रच्या विधानसभेनं नाकारूनही तेलंगण झालं. तरीही राजस्थानच्या दक्षिणेतून भिल प्रदेशाचं नाव निघालं की जयपूरमध्ये ‘फुटीर’ हा शब्द फार पटकन वापरला जातो. या मागणीमागे मानगढ आहे. १७ नोव्हेंबर १९१३ ला गोविंद गुरूंच्या अनुयायांवर, जमलेल्या भिलांवर, इंग्रज आणि संस्थानी फौजांनी गोळ्या चालवल्या त्या टेकडीवर आजही लोक जमतात. २०२३ मध्ये भारत आदिवासी पार्टी स्थापन झाली, त्याच वर्षी तिनं राजस्थानात तीन जागा जिंकल्या, आणि २०२४ मध्ये राजकुमार रोत बांसवाड्यातून लोकसभेत गेले. त्यांच्या नकाशात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश यांच्याबरोबर आपले नंदुरबार आणि धुळेही आहेत. म्हणून हा आपलाही विषय आहे. पश्चिमेच्या वाळवंटी जिल्ह्यांतून मरुप्रदेशाचीही मागणी होते. तिच्यात अजून तेवढा जीव नाही, आणि एका लेखात तिची नोंद पुरेशी आहे.

भिल प्रदेश व्हावा की नाही? माझं उत्तर आज तरी ‘नाही’ असं आहे. चार राज्यांतले डोंगराळ जिल्हे जोडून उत्पन्नाची साधनं, पाणी आणि रस्ते यांचा हिशेब जमेल असं मला दिसत नाही. पण जातीच्या आधारावर राज्य होत नसतं असं सांगून सरकारनं विषय मिटवावा, हे मला अजिबात मान्य नाही. बांसवाड्याचे हरिदेव जोशी तीनदा मुख्यमंत्री झाले. १९७३ मध्ये तर आमदारांच्या मतदानात दिल्लीच्या पसंतीच्या रामनिवास मिर्धांना हरवून झाले. वागडच्या, म्हणजे बांसवाडा-डूंगरपूर पट्ट्यातल्या, माणसाला तेव्हा जयपूर आपलं वाटण्याचं कारण होतं. तरीही त्या पट्ट्यातल्या आदिवासीला त्या पदावर आपला माणूस कधी दिसला नाही. त्याला पक्षात नेता होता येत नसेल तर तो स्वतःचा पक्ष काढील, आणि पक्षातूनही भागत नसेल तर राज्य मागील.

चारदीवारीनंही वेगळेपणाचा एक छोटा प्रयोग अनुभवला. २०१९ मध्ये गहलोत सरकारनं जयपूर महापालिकेचे दोन भाग केले, हेरिटेज आणि ग्रेटर. परकोट्यातली, म्हणजे चारदीवारीतली, बहुतेक वस्ती १०० प्रभागांच्या हेरिटेजमध्ये आली. २०२० च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. काँग्रेस ४७, भाजप ४२, अपक्ष ११. पाच वर्षांत महापौर निलंबित झाल्या, न्यायालयात गेल्या, परत आल्या, पुन्हा निलंबित झाल्या. गटारं, पार्किंग आणि पडायला आलेल्या हवेल्या तिथेच राहिल्या. २०२५ मध्ये भजनलाल शर्मा सरकारनं दोन्ही महापालिका पुन्हा एक केल्या. फाळणीच्या वेळी परकोट्यातल्या रहिवाशाला कुणी विचारलं नाही, जोडणीच्या वेळीही नाही.

एक रीत मात्र शहरानं सांभाळली आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला बडी चौपडीवर दोन झेंडे चढतात. एक मुख्यमंत्री फडकवतो, दुसरा विरोधी पक्षनेता. दोघांची तोंडं दोन वेगळ्या दिशांना. दुकानदार शटर अर्धं वर करून उभे असतात, वरच्या गवाक्षांतून बायका-मुलं वाकून पाहत असतात. सरकार बदललं की जागाही बदलतात, आणि बाजार दोघांसाठी सारखाच जमतो. १९९३ पासून दर पाच वर्षांनी सरकार बदलणाऱ्या या राज्यात दोन्ही मोठ्या पक्षांना दोन्ही बाजूंना उभं राहावं लागलं आहे.

पुढचे लेख कालक्रमानं लावलेले नाहीत. ज्याला १९६७ आधी वाचायचं त्यानं ते वाचावं, ज्याला भिल प्रदेशाची उत्सुकता त्यानं तिथून सुरुवात करावी. माझी मतं ठाम आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत; वाचकानं ती तपासून घ्यावीत, न पटली तर सोडून द्यावीत. एक मागणी मात्र मी प्रत्येक लेखात केली आहे आणि इथेही करतो. विधिमंडळ पक्षाचा नेता आमदारांनी गुप्त मतदानानं निवडावा, आणि कुणाला किती मतं पडली हे त्याच संध्याकाळी जाहीर व्हावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, पक्षांनी ठरवलं की झालं. जयपूरमध्ये, मुंबईत, पणजीत, कुठेही. तुमचा आमदार पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा रस्त्याचं, पाण्याचं विचारालच. त्याच्या जोडीनं हेही विचारा, की आपला नेता निवडताना त्याच्या हातात मतपत्रिका आली होती का.